रामटेके डॉक्टरांनी विचारलं होतं

बातमी आली तेव्हा मी मटार सोलत बसलो होतो. जानेवारीतलं लखनौ, दहा वाजून गेले तरी समोरच्या घराचं फाटक दिसत नव्हतं. मी सरोजिनी नगरात, विमानतळाच्या अलीकडे राहतो; ज्या सकाळी विमानांचा आवाज येत नाही त्या सकाळी धुकं दाट आहे असं समजायचं. फोन वाजला. आमच्या मराठी मंडळाचे पाठक होते.

"विश्वासराव, ऐकलंत का? रामटेके गेले. पहाटे, झोपेतच... हार्ट."

"कोण रामटेके?" मी म्हणालो. मला कळलं होतं. पण लखनौत दुसरे कुणी रामटेके असतील तर बरं, असं वाटून विचारलं.

"अहो, डॉक्टर रामटेके. ते नलिनीवहिनींच्या केसवाले."

हातातली शेंग तशीच राहिली. डॉ. शीलवंत रामटेके यांनी वीस-पंचवीस वर्षं या शहरात लोकांना भूल दिली. ऑपरेशनच्या टेबलावर ज्यांना त्यांनी झोपवलं आणि नीट जागं केलं त्यांची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. आणि तो माणूस गेल्याची बातमी देताना आमच्या मंडळाला त्यांची एवढीच ओळख सापडली. माझ्या बायकोच्या केसवाले. ही ओळख त्यांना मी दिली. बोलून नाही, गप्प राहून दिली. म्हणून आज लिहायला बसलो आहे, आणि मुख्य वाक्य आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं मला मागं फिरता येणार नाही. नलिनीचे पाय रामटेके डॉक्टरांच्या चुकीनं गेले नाहीत. माझ्या चुकीनं गेले. डॉक्टरांनी जे करायला हवं होतं ते सगळं केलं होतं.

त्यांची माझी ओळख मंडळाच्या नाटकातली. रामटेके मूळचे भंडाऱ्याकडचे. वडील रेल्वेच्या टपाल खात्यात, बदली होऊन लखनौला आले आणि इथेच राहिले, त्यामुळे डॉक्टरांचं शिक्षण सगळं इथलं. मराठी मात्र नागपूरकडची, वाक्याच्या शेवटी 'जी' येणारी, आणि मध्येच इकडच्या हिंदीत सरकणारी. मी एका संशोधन संस्थेत औषधांच्या चाचण्या करायचो. गणपतीत आमच्या मंडळाचं नाटक व्हायचं, त्यात मला दरवर्षी एखादा फौजदार नाही तर मामलेदार मिळायचा, कारण माझा आवाज मोठा. पाठांतराची मात्र बोंब. रामटेके विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करायचे. पहिल्याच वर्षी मी दुसऱ्या अंकात अडकलो. विंगेतून दोन शब्द आले, आणि मग काहीच नाही. मी घामाघूम. पुढचं वाक्य ते देईनात. शेवटी ते माझं मलाच आठवलं. नाटक संपल्यावर मी त्यांना धरलं, "अहो, अर्धवट काय सांगता? पूर्ण वाक्य द्यायचं ना."

"पूर्ण देत नाही जी मी," ते शांतपणे म्हणाले. "दोन शब्द दिले का माणूस स्वतःहून बोलतो. पूर्ण दिलं तर तो नुसता माझ्यामागून म्हणते."

नलिनी शेजारीच होती. "आमच्या ह्यांना घरीसुद्धा एक प्रॉम्प्टर लागतो," ती म्हणाली. "तुम्ही रोज येत जा."

"रोज तर मी लोकांना झोपवतो, वहिनी. वर्षातून एक दिवस जागं ठेवू द्या कोणाला तरी."

मग घरी येणं-जाणं सुरू झालं. वृंदावन योजनेत, म्हणजे इथल्या नव्या सरकारी वसाहतीत, त्यांनी घर बांधलं तेव्हा आजूबाजूचे प्लॉट रिकामे होते आणि त्यांच्या गच्चीवरून सरसोची शेतं दिसायची. नलिनी इथल्या एका शाळेत गणित शिकवायची. त्यांच्या पत्नी करुणावहिनी बँकेत होत्या. दोघींचं चांगलं जमलं. मंडळातल्या काही घरांत रामटेक्यांना बोलावणं असायचं पण जेवायला थांबवून घेणं नसायचं. आम्ही तसे नव्हतो, असा माझा माझ्याबद्दल समज होता.

मी निवृत्त झालो त्याच वर्षी नलिनीचं पोट फुगायला लागलं. गॅसेस म्हणून दोन महिने ओवा खाण्यात गेले. सोनोग्राफीत अंडाशयाची गाठ दिसली, आणि कॅन्सर आहे हे नक्की झालं. ज्या मोठ्या रुग्णालयात रामटेके होते तिथेच ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी ते खोलीत आले आणि आम्हा दोघांना सगळं समजावून सांगितलं. पोटाचा छेद मोठा असणार, म्हणून पाठीच्या कण्याच्या आत, मज्जारज्जूच्या बाहेर एक केसासारखी नळी बसवायची. तिच्यातून तीन-चार दिवस औषध देत राहायचं, म्हणजे दुखत नाही, माणूस खोकू शकतो, उठून बसू शकतो. दुसरी गोष्ट रक्त पातळ ठेवण्याच्या इंजेक्शनची. कॅन्सरच्या पेशंटचं रक्त लवकर गोठतं, त्यात मोठं ऑपरेशन आणि अंथरुणाला खिळणं. पायात गुठळी झाली आणि ती फुप्फुसात गेली तर चालता-बोलता माणूस जातो. म्हणून पोटावर रोज एक टोचणी, घरी गेल्यावरही काही आठवडे.

"दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत," ते म्हणाले, "पण दोन्हींची सांगड माझ्या हातात राहू द्या." तेव्हा मला हे वाक्य नुसतं ऐकू आलं. त्यातलं गांभीर्य कळायला हवं होतं. रक्त गोठू नये म्हणून याच जातीचं औषध मी नोकरीभर परीक्षानळ्यांत घालत आलो होतो. इतकं ओळखीचं औषध, की त्याची भीती वाटायची माझी सवयच गेली होती.

ऑपरेशन उत्तम झालं. सर्जन म्हणाले, जेवढं दिसत होतं तेवढं सगळं काढलं. नलिनी दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसून वॉर्डातल्या बायकांशी गप्पा मारत होती. इथे औषधं पेशंटच्या नातेवाइकांनी आणायची आणि पलंगाशेजारच्या कपाटात ठेवायची पद्धत होती. सिस्टर त्यातून काढून देत. इंजेक्शनच्या भरलेल्या सुया तिथंच असायच्या. घरी मलाच टोचायचं होतं म्हणून शशी सिस्टरनी मला शिकवलं. पोटाची चामडी चिमटीत धरायची, सरळ टोचायचं, चोळायचं नाही. मी त्यांच्या देखत एकदा दिलंही. "अंकल का हाथ तो हमसे भी हल्का है," त्या म्हणाल्या. मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं उंदरांना टोचण्यात गेली होती, त्याचं कुणीतरी कौतुक केलं.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरून डबा घेऊन आलो. इंजेक्शनची वेळ होऊन गेली होती. कपाट उघडून पाहिलं, सुई तशीच.

"सिस्टर आल्या नाहीत?"

"नाही," नलिनी म्हणाली. "तिकडच्या पलंगावर कुणीतरी नवीन आलंय, सगळे तिकडं पळतायत. येतील."

"पण वेळ झाली."

"झाली तर झाली. मी काय तुमचा उंदीर आहे?"

"उंदीर असतीस तर इतकी बोलली नसतीस."

ती हसली, आणि टाके दुखतील म्हणून पोटावर हात धरून हसली. "द्या मग. पुण्य लागेल."

माझ्या कामात एक नियम होता. औषधाचा डोस चुकवायचा नाही. एका उंदराचा एक डोस राहिला तर महिन्याभराचा प्रयोग फुकट जातो. कामगार विसरला तर आम्ही स्वतः देऊन मोकळे व्हायचो, का राहिला ते नंतर विचारायचो. डोस राहिला असेल तर तो कुणीतरी मुद्दाम राहू दिला असेल, हा विचार या सवयीत बसतच नाही. मी हात धुतले, चिमटीत चामडी धरली आणि टोचलं. सुई पुठ्ठ्याच्या डब्यात टाकली. नलिनीला वरणभात भरवला. डबा धुवायला म्हणून बाहेर आलो तर व्हरांड्यात रामटेके शशी सिस्टरशी बोलत उभे होते. ऑपरेशन थिएटरचे हिरवे कपडे, डोक्यावर टोपी, दिवसभराचा शीण.

"सिस्टर, शाम वाला इंजेक्शन रोका है न?"

"जी सर. आपने सुबह बोला था. रोका हुआ है."

"अच्छा." मग माझ्याकडे वळले, "विश्वासराव, नळी काढून टाकतो आता. वहिनी उद्यापासून मोकळ्या. इंजेक्शन मग आरामात, काही तासांनी देऊ."

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. माझ्या हातात ओला डबा होता. इंजेक्शन मुद्दाम थांबवलेलं होतं हे मला त्या क्षणी कळलं. का, ते नीटसं कळलं नाही, पण थांबवलेलं होतं आणि मी दिलं होतं, हे कळलं. तोंड उघडायला हवं होतं. मनात काय आलं ते मला आजही स्वच्छ आठवतं. एवढंसं तर औषध. आणि सिस्टरसमोर हे मला बोलतील... इतकंच. नळी काढू नका, असं सांगायला एक श्वास पुरला असता. मी म्हणालो, "बरं," आणि नळाकडं गेलो.

काय झालं ते मला पुढं अनेकांनी समजावून सांगितलं आणि मी स्वतःही वाचलं. कण्याच्या आत बारीक शिरांचं जाळं असतं. नळी घालताना किंवा काढताना एखादी शीर खरचटू शकते. एरवी रक्त लगेच गोठतं, पेशंटला कळतही नाही. पण ते औषध अंगात जोरात असताना नळी काढली तर रक्त झिरपत राहतं, आणि हाडांच्या त्या अरुंद पोकळीत त्याला जायला जागा नसते. ते मज्जारज्जूवर दाब देतं. असं क्वचित घडतं. पण कॅन्सरचं मोठं ऑपरेशन, कण्यातली नळी आणि पातळ रक्त असं तिन्ही एकत्र येतं तिथं तासांचं गणित पाळावं लागतं. ते गणित रामटेक्यांनी पाळलं होतं. मी ते मोडलं.

थोड्या वेळानं नलिनीची पाठ दुखायला लागली. मग म्हणाली, पायात वाळू भरल्यासारखी वाटतेय. मी म्हणालो, नळीतल्या औषधाचा असर आहे, उतरेल. हीसुद्धा माझीच अक्कल. पुढं ती म्हणाली, "अहो, अंगठा हलत नाहीये," आणि मी तिच्या पायाकडं बघत उभा राहिलो. सिस्टरनी फोन केला. रामटेके घरी पोचलेही नव्हते, रस्त्यातूनच स्कूटर वळवून आले. तिच्या दोन्ही पावलांना हात लावून पाहिल्यावर ते सिस्टरकडं वळले. "सिस्टर, पक्का नहीं दिया था?" शशी सिस्टर रडायला लागल्या. "सर, क़सम से नहीं दिया." त्यांनी सिस्टरच्या खांद्यावर हात ठेवला. "रोइए मत. नली मैंने निकाली है." मी तिथंच उभा होतो. दुसऱ्यांदा गप्प राहिलो, आणि आता एवढंसं औषध असं म्हणायची सोय उरली नव्हती. एमआरआय झाला, पाठीचं ऑपरेशन झालं, साठलेलं रक्त काढलं. पण या सगळ्यात रात्र गेली, उशीर झाला होता. नलिनीचा कॅन्सर गेला आणि पाय गेले.

ती शुद्धीवर आल्यावर सर्जनांनी तिला सगळं सांगितलं. ती गणिताची शिक्षिका, तिला दोन आणि दोन चार करायला वेळ लागला नाही. खोलीत आम्ही दोघंच असताना तिनं विचारलं, "तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत ना? संध्याकाळचं इंजेक्शन तुम्ही दिलंत ते?"

"हो," मी म्हणालो.

"रागावले का फार?"

"नाही."

ती म्हणाली, "मोठा माणूस आहे." आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तुम्हाला तरी काय माहीत होतं." त्यानंतर तिनं तो विषय माझ्याकडं कधी काढला नाही. मला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. रुग्णालयानं चौकशी बसवली. शशी सिस्टरची दुसऱ्या वॉर्डात बदली झाली. त्या कुठं असतील तर त्यांनीही हे वाचावं, त्यांनी इंजेक्शन दिलं नव्हतं आणि त्या खरं बोलत होत्या. रामटेक्यांनी सांगितलं, नळी काढायची वेळ मी ठरवली, काढली मी, जबाबदारी माझी. त्यांना थिएटरमधून काढून ऑपरेशनपूर्व तपासणीच्या खोलीत बसवलं. बढती राहिली ती राहिलीच. त्या गणपतीत मंडळात आरतीनंतर प्रसाद वाटत असताना पाठक माझ्या कानाशी आले. "वाईट झालं हो. पण काय आहे, शेवटी कोट्यातून आलेले डॉक्टर..." बाकीचे दोघं-तिघं हूं म्हणाले. माझ्या तळहातावर साखर-खोबरं होतं. ते मी तोंडात टाकलं. आम्ही तसे नव्हतो, असा माझा समज होता हे वर लिहिलं आहे. तो त्या दिवशी खोटा ठरला, फक्त हे मान्य करायला मला इतकी वर्षं लागली. रामटेके पुढच्या वर्षी प्रॉम्प्टिंगला आले नाहीत. कुणी बोलवायलाही गेलं नाही.

आमच्याकडं मात्र येत राहिले. नलिनीला घरी आणल्यावर पहिल्यांदा आले ते एक पट्टा घेऊन. अमीनाबादेतून पलंगाची जाड नवार विकत घेऊन, तिथल्याच एका रजाईवाल्याकडून दुहेरी शिवून, दोन टोकांना मुठी लावून घेतलेला. तिच्या कमरेमागून तो कसा घालायचा, आपला गुडघा तिच्या गुडघ्याला कसा टेकवायचा आणि पलंगावरून खुर्चीत कसं फिरवायचं, हे त्यांनी मला स्वतः करून दाखवलं. मी आत चहा टाकायला गेलो तेव्हा ते आणि नलिनी बोलत बसले होते. मी परत आलो तर ते पट्ट्याची मूठ निरखून बघत होते. चहा अर्धाच प्यायले. मला वाटलं, दमले असतील.

त्यानंतर काही दिवसांनी पुन्हा आले. नलिनी झोपली होती. आम्ही व्हरांड्यात बसलो. ते एरवी उभ्यानं बोलणारे, पण त्या दिवशी त्यांनी इकडे बसायला असतो तो वेताचा मोढा ओढला आणि माझ्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल असे बसले.

"विश्वासराव," ते म्हणाले, "त्या दिवशी वहिनींना कोणी आपल्या हातानं काही दिलं होतं का जी? काहीही. मी रागावणार नाही."

बाहेर रस्त्यावरून सब्जीवाला ओरडत गेला. मी त्याचा आवाज लांब जाईपर्यंत थांबलो.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. थोडा वेळ तसेच बसले, जसे विंगेत बसायचे, पुढचं वाक्य समोरच्याच्या तोंडून यायची वाट बघत. मग उठले, मोढा होता तिथं नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांना चौकशी समितीपुढं जायचं होतं, हे मला नंतर कळलं.

नलिनी पुढं बरीच वर्षं होती. खुर्चीत बसून तिनं आसपासच्या मुलांना गणित शिकवलं, मला स्वयंपाक शिकवला, चुकलं की ओरडली. डॉक्टर महिन्यातून एकदा तरी यायचे, तिचे पाय हलवून घ्यायचे, टाचांना जखम तर नाही ना ते बघायचे. कानपूर रोडवर मेट्रोचे खांब उभे राहायला लागले त्या सुमारास कॅन्सर परत आला, आणि त्यातच ती गेली. जाण्याच्या आधी एकदा मला म्हणाली होती, "रामटेक्यांकडं जात जा. तुमचं माझ्याशिवाय ऐकून घेणारा तेवढा एकच माणूस आहे." मी गेलो नाही. ते दोन-तीनदा येऊन गेले. मग पाठकांचा फोन आला.

अंत्यसंस्काराला धुक्यामुळं मी वेळेवर पोचलो नाही. आठवड्यानं वृंदावन योजनेत त्यांच्या घरी गेलो. तिथं आता सरसोची शेतं नाहीत, चौमजली घरं आहेत. बैठकीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली डॉक्टरांचा फोटो, झेंडूची माळ. करुणावहिनी एकट्याच होत्या. मी रस्ताभर जुळवलेलं बोलायला सुरुवात केली. "वहिनी, मला एक सांगायचंय. त्या दिवशी हॉस्पिटलात..."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"इंजेक्शन तुम्ही दिलं होतं ते."

मला वाटलं माझं ऐकण्यात काही चुकलं. त्या सावकाश, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं सांगत होत्या. "नलिनीताईंनीच सांगितलं ह्यांना. हे पट्टा घेऊन आले होते न तुमच्याकडं, त्या दिवशी. त्या म्हणाल्या, आमचे हे घाबरले होते, पण त्यांनी तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही रागावला नाहीत, तुमचे उपकार आहेत. त्यांना वाटलं, तुम्ही सांगितलेलंच आहे."

"मग... ते काय म्हणाले?"

"काय म्हणतील? म्हणाले, पट्टा कमरेला रुतत तर नाही ना, वहिनी?"

माझ्या डोक्यात त्या दिवशीचा अर्धा राहिलेला चहा आला. मोढा आला. मोढ्यावर बसून त्यांनी जे विचारलं होतं ते माहिती म्हणून विचारलेलंच नव्हतं. ते मला माझं वाक्य देत होते. पहिले दोन शब्द.

"चौकशी तेव्हा चालूच होती," करुणावहिनी म्हणाल्या. "मी भांडले. म्हटलं, एका वाक्यात सुटाल, सांगून टाका. तर म्हणाले, त्या बाईला उचलून खुर्चीत बसवणारा घरात तो एकच माणूस आहे. तो खचला तर ती कुठं जाईल? मी म्हटलं, आणि आपण? तर म्हणाले, तो सांगेल स्वतःहून. थांब जरा." त्या फोटोकडं बघत होत्या. "मी थांबले जी. नलिनीताई गेल्या तेव्हा वाटलं, आता याल. नाही आलात."

मी हात जोडले. त्यांनी ते पाहिलं.

"त्यांनी माफ केलं असेल तुम्हाला. ते तसेच होते," त्या म्हणाल्या. "मी नाही केलं. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते... चहा घ्याल न?"

मी चहा घेतला. निघताना म्हणालो, की मी हे सगळं लिहून छापायला देणार आहे, मंडळातही वाचून दाखवणार आहे. त्या म्हणाल्या, "द्या." एवढंच.

हा लेख मी तेव्हाच लिहून देणार होतो, पण मधे माझं प्रोस्टेटचं ऑपरेशन ठरलं आणि त्याआधीच्या तपासणीला मला त्याच रुग्णालयात जावं लागलं. डॉक्टर नोकरीची शेवटची वर्षं जिथं बसायचे ती हीच खोली. आता तिथं एक तरुण मुलगी होती, भूलतज्ज्ञ. तिनं माझे कागद बघितले, हृदयासाठी मी रक्त पातळ करणारी गोळी घेतो ती कधी बंद करायची ते सांगितलं, छाती तपासली. ती हे सगळं उभ्यानं करत होती. मग तिनं कोपऱ्यातलं स्टूल पायानं ओढलं आणि माझ्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली.

"अंकल, एक आख़िरी बात. घर में किसी ने अपने हाथ से कुछ दिया हो, गोली, सुई, कुछ भी... बता दीजिए. मैं डाँटूँगी नहीं."

मी विचारलं, "बेटा, यह पूछना किसने सिखाया?"

"रामटेके सर ने," ती म्हणाली. "सर कहते थे, सब कुछ खड़े-खड़े पूछ लो, यह वाला बैठकर पूछना. और पूछकर चुप रहना."

आणि ती गप्प बसली. बाहेर रांगेत माणसं होती, कुणीतरी दारातून डोकावून गेलं, तरी ती उठली नाही.

"हाँ," मी म्हणालो. "दिया था."

तिनं पेन उचललं. "किसको, अंकल? क्या दिया था?"

ती खरंच रागावली नव्हती. पेन कागदावर टेकवून, माझ्याकडं बघत, मी सांगेन याची वाट पाहत बसली होती.